साडेतीन हजारांत तेवीस जणांचा नाताळ

नालासोपाऱ्याहून एका ताईंनी विचारलंय. नवऱ्याचं कंत्राटी काम ऑगस्टमध्ये सुटलं, तेव्हापासून मिळेल त्या रोजावर घर चाललंय. नाताळच्या देण्याघेण्यासाठी त्यांनी साडेतीन हजार रुपये बाजूला काढलेत आणि यादी झालीय तेवीस जणांची. सासू-सासरे, दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं, नणंद, तिचे यजमान आणि मुलगी, आई, भाऊ, वहिनी आणि भाचा, तीन मैत्रिणी, शेजारची दोन घरं, मुलांच्या शिकवणीच्या बाई, धाकट्याला सांभाळणाऱ्या मावशी, स्वतःची दोन मुलं आणि नवरा. त्यांचा प्रश्न असा की, "प्रत्येकाला दीडशेचं काहीतरी घेतलं तर निभेल का, आणि दीडशेत चांगलं काय मिळेल?"

ताई, हिशेब तुम्ही बरोबर केलाय. तेवीस गुणिले दीडशे म्हणजे ३,४५०. पण तो तसा खर्च करू नका. माझं वसईत भेटवस्तूंचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे, २००१पासून. दीडशे रुपयांच्या 'गिफ्ट आर्टिकल'मध्ये काय असतं ते मी रोज खोलून बघते. खोका, आतला फोम, वरचा चकचकीत कागद आणि मग उरलेल्या पैशांत बसेल ती वस्तू. फायबरची फ्रेम, दोन धुण्यांत चित्र निघून जाणारा कप, देवदूताचं शोपीस ज्याचा पंख पुढच्या साफसफाईत तुटतो. घेणारा हसून घेतो आणि कपाटावर ठेवतो. तुमचे ३,४५० रुपये मात्र गेलेले असतात, आणि ते तुम्ही काय करून जमवले असतील ते मला कळतं.

मी इतक्या वर्षांत जे शिकले ते एवढंच आहे: मोठ्या जातीची हलकी वस्तू घेऊ नका, लहान जातीची उत्तम वस्तू घ्या. दीडशेत परफ्यूम घ्याल तर ते बाजारातलं सगळ्यात वाईट परफ्यूम असेल. त्याच दीडशेत हातरुमाल घ्याल तर बाजारातल्या चांगल्यातले चांगले सुती रुमाल मिळतील. दीडशेत मनगटी घड्याळ हे खेळणं झालं, पण घरात बंद पडलेल्या जुन्या घड्याळात नवा सेल आणि नवा पट्टा बसतो. बॅट येत नाही, पण टेनिसचा जड, टप्पा धरणारा चेंडू येतो, आणि गल्लीतल्या पोराला त्याची किंमत बरोबर कळते.

हे मला दुकानानं शिकवलं असं म्हणते खरं, पण आधी ते आईनं शिकवलं होतं. माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत होते, वसईहून रोज पहिल्या गाडीनं जायचे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो नाताळपर्यंत मिटला नाही. अकरा महिने घरात पगार नव्हता. मी नऊ वर्षांची होते. एरवी आमच्याकडे नाताळात करंज्या, कलकल (काट्यावर वळून तळलेला गोड खाऊ), नानकटाई, मिल्क क्रीम असं पाच-सहा जिनसांचं ताट घरोघर जायचं. त्या वर्षी आईनं यातलं काहीच केलं नाही. परसात राजेळी केळीचे दोन घड पिकले होते. तिनं ती केळी सोलून बांबूच्या मांडवावर उन्हात घातली. रोज उलटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात आणायची, सकाळी परत मांडायची. आठवडाभरात ती मधासारख्या रंगाची, चिवट, गोड सुकेळी झाली. मग केळीच्याच वाळक्या पानात चार-चार सुकेळी गुंडाळून, वर केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी बांधून प्रत्येक घराला एक पुडकं. जिनसा एकच, पण वसईत त्याहून चांगली सुकेळी कुणाकडे नव्हती. कमी केलंय असं कुणाला वाटलं नाही. पुढची कित्येक वर्षं लोक मागायचे, "यंदा सुकेळी नाही का?"

तेव्हा आता तुमच्या यादीकडे येऊ. पहिलं काम बाजारात जायचं नाही, फोन करायचं आहे. जावेला आणि वहिनीला. नातेवाइकांत मोठ्यांनी मोठ्यांना देणं हा प्रकार सगळ्यांनाच जड जातो, फक्त पहिल्यांदा कोण बोलणार हा प्रश्न असतो. आडपडदा ठेवू नका आणि रडगाणंही नको. सरळ म्हणा, "यंदा मोठ्यांचं देणं-घेणं ठेवू नका हं. घराला एक डबा मी पाठवते, मुलांना मात्र ज्याचं त्याचं वेगळं." दहातल्या आठ जावा हे ऐकून सुटकेचा श्वास सोडतात, कारण त्यांच्याही घरी हप्ते असतात. एखादीनं तरीही महागाची साडी पाठवलीच, तर आनंदानं घ्या, आणि बरोबरी करायला धावू नका. ती तिच्या ऐपतीनं देते, तुम्ही तुमच्या.

एवढं झालं की डोकी मोजायची थांबवा आणि घरं मोजा. सासू-सासरे एक घर, दीर दुसरं, नणंद तिसरं. आई आणि भाऊ एकत्र राहतात असं तुम्ही लिहिलंय, ते चौथं. तीन मैत्रिणी, दोन शेजारी, शिकवणीच्या बाई. ही झाली दहा घरं. मावशींचं अकरावं. बारावा डबा तसाच भरून ठेवा, कारण नाताळात न सांगता कुणीतरी येतंच आणि मग आपण घाईनं कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशेचा केक आणतो.

बारा डबे, प्रत्येकात पाव किलो कलकल. फक्त कलकल. चार प्रकार थोडे थोडे करायचा मोह होईल, तो आवरा. प्रत्येक नव्या प्रकाराबरोबर नवं सामान येतं, त्यातलं निम्मं उरतं, आणि एखादा प्रकार हमखास फसतो. कलकल तुम्ही लहानपणापासून वळल्यात, हात बसलेला आहे, सामान साधं आहे आणि अंडं न घालता केले तर दोन आठवडे कुरकुरीत राहतात.

तीन किलोचं माप मी वर्षानुवर्षं करतेय ते सांगते. दोन किलो मैदा, पाव किलो बारीक रवा, चारशे ग्रॅम पिठीसाखर, दीडशे ग्रॅम तुपाचं कडकडीत मोहन, दोन चमचे मीठ, आणि मळायला चार नारळांचं घट्ट दूध. पाणी घालायचं नाही. नारळाचं दूध एकदम ओतू नका, कारण नारळानारळात फरक असतो. पीठ पुरीच्या कणकेपेक्षा थोडं सैल, पण हाताला चिकटणार नाही असं व्हायला हवं. अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. मग चिंचोक्याएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर तेलाचं बोट फिरवायचं, गोळी त्यावर अंगठ्यानं दाबून पातळ पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत उचलायची. रेघा बाहेरच्या बाजूला उठल्या पाहिजेत आणि शेवटची कड नीट चिकटली पाहिजे, नाहीतर तेलात उलगडते. काटे कमी पडले तर कोरा, नवा कंगवा चालतो. गोळी मोठी घेतली की काम लवकर संपतं, पण आत कच्चं राहतं, आणि डब्यात दिसतंही ओबडधोबड. चिंचोकाच.

तळताना आच मंद ते मध्यम. पिठात साखर आहे, त्यामुळे तेल कडक असेल तर बाहेरून दोन मिनिटांत तांबूस होतात आणि आत ओलावा राहतो. असे कलकल पहिल्या दिवशी छान लागतात आणि तिसऱ्या दिवशी मऊ पडतात, म्हणजे नेमके लोकांच्या घरी पोचल्यावर. प्रत्येक घाणा सात-आठ मिनिटं घेतोय असं झालं की समजा आच बरोबर आहे. काढल्यावर वर्तमानपत्रावर पसरू नका, छपाईची शाई तेलकट पदार्थात उतरते. जुनं स्वच्छ सुती कापड किंवा चाळण वापरा. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. रात्री तळलेत तर सकाळी भरा.

हे सगळं सामान, तळणीचं तेल धरून, आजच्या आमच्या बाजारभावानं साडेसहाशेच्या आसपास जातं. नारळ महाग आहेत म्हणून एवढं, नाहीतर अजून कमी झालं असतं.

डब्यांचं सांगते, कारण लोक नेमके इथे फसतात. लाल-हिरवा, सांताक्लॉज छापलेला डबा डिसेंबरात घ्यायला गेलात तर छपाईचे पैसे द्याल. तुळशीचं लग्न होऊन आठवडा झालाय, म्हणजे दिवाळीचा माल अजून दुकानांत पडून आहे. दिवाळी आणि नाताळ यांत साधारण सहा ते दहा आठवडे असतात. मिठाईचे साधे सोनेरी किंवा खाकी खोके, लेस, रिबिनीची रिळं, दिव्यांच्या माळा हे सगळं दुकानदाराला आता फक्त हलवायचं असतं, पुढच्या दिवाळीपर्यंत त्याला ते सांभाळायची जागा नसते. हेच सामान १५ डिसेंबरला 'ख्रिसमस स्टॉक' होतं आणि भाव चढतो. एक डझन साधे खोके, एक लाल रिबिनीचं रीळ आणि आत घालायला बटर पेपर, एवढं घ्या. अडीचशेच्या आत बसायला हवं. जवळ मिळालं नाही तर मरीन लाइन्सला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटला जा, क्रॉफर्ड मार्केटच्या शेजारीच. तिथे डझनाच्या भावानं मिळतं. फक्त रविवारी जाऊ नका, त्या भागातली बरीच घाऊक दुकानं बंद असतात. आणि एकट्या जाऊ नका. शेजारणीबरोबर गेलात तर दोन डझनांचा भाव मागता येतो.

खोक्यावर रिबीन बांधताना एक छोटी गोष्ट. चिठ्ठी छापील नको. मुलांना हातानं लिहायला लावा, ज्याच्या घरी जाणार त्याचं नाव घालून. "मेरी आत्या आणि काका" असं वाकड्या अक्षरात लिहिलेलं कार्ड लोक वर्षानुवर्षं बायबलात जपून ठेवतात. मी हे माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी बघितलंय.

आता मुलं. तुमची दोन सोडून चार: दिराची दोन, नणंदेची मुलगी, भाचा. प्रत्येकाला १३० रुपये धरा. मोठ्यांच्या बाबतीत काटकसर चालते, मुलांना डब्यातला वाटा देऊन भागत नाही. त्यांना स्वतःच्या नावाचं, स्वतः फोडायचं पुडकं हवं. पण प्लास्टिकची गाडी नको, ती घेऊन येतानाच चाक सुटतं. चेंडूचं वर सांगितलंच. चित्र काढणाऱ्या मुलीला बारा रंगांच्या चांगल्या कंपनीच्या पेन्सिली द्या. चोवीस रंगांच्या स्वस्त पेटीत शिसं तुटत राहतं आणि रंग कागदावर उमटतच नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला काचेचं बऱ्यापैकी भिंग दिलं तर तो आठवडाभर मुंग्यांमागे फिरतो. कुणी ओळखीचं कोकणात जाऊन येणार असेल तर सावंतवाडीच्या चितार आळीतला लाखेचा लाकडी भोवरा मागवा. वाचणारं मूल असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं अजूनही परवडतात. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१पासून निघतंय. त्याची वर्षाची वर्गणी भरली तर भेट बारा वेळा घरी येते, मुलाच्या नावानं, टपालानं. वर्गणीचा चालू दर बालभारतीकडे विचारून घ्या. तुमच्या भाच्यासाठी मी हेच करीन.

तुमच्या स्वतःच्या मुलांना अडीचशे-अडीचशे ठेवा. या वर्षी घरात काय चाललंय ते त्यांना कळतंय, मुलं बोलत नाहीत एवढंच. त्यांच्या पुडक्यात काटकसर करू नका. मोठ्या मुलाला काय हवंय ते त्यालाच विचारा आणि रक्कमही सांगा. अडीचशेत काय काय बसतं ते तो स्वतः शोधेल, आणि शोधलेलं त्याला पुरेल.

मावशींना कलकलांचा डबा द्याच, पण त्याबरोबर पाकिटात पाचशे रुपये. इथे मी ठाम आहे. जी बाई आपल्या मुलाला सांभाळते, तिला हातानं केलेली वस्तू देऊन मोकळं व्हायचं नाही. तिच्या घरीही सण-वार आहेत, तिलाही पैशांची गरज आहे, आणि कुठे खर्च करायचे ते तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. नोटा कोऱ्या द्या, पाकिटावर नाव लिहा आणि बसवून, चहा देऊन द्या. बजेट कमी पडलं तर दुसरीकडे कापा, इथे नको.

राहिले सासू-सासरे, आई आणि नवरा. यांच्यासाठी बाजारात जायचंच नाही असं माझं म्हणणं आहे. यांच्यासाठी घरातलं बिघडलेलं दुरुस्त करा.

मी हे सुचवते तेव्हा लोकांना आधी पटत नाही, म्हणून एक सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या दुकानात एक मुलगी आली होती. सासूसाठी अडीचशेची काचेची मेणबत्तीदाणी बघत होती. बोलता बोलता म्हणाली, सासूबाईंची जपमाळ तुटलीय, मणी डबीत ठेवलेत, त्या आता बोटांवर मोजून रोझरी म्हणतात. मी मेणबत्तीदाणी परत ठेवली आणि तिला म्हटलं, ती डबी घेऊन ये. दुसऱ्या दिवशी आणली. आम्ही दोघींनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरून मणी मोजले. जपमाळेला ५९ मणी लागतात, त्रेपन्न 'नमो मरिये'चे आणि सहा 'आमच्या बापा'चे. डबीत ५६ होते. तिनं घरी जाऊन पलंगाखाली, कपाटामागे शोधलं, दोन सापडले. एक नाहीच मिळाला. त्या रंगाचा मणी माझ्याकडे नव्हता, म्हणून आम्ही मुद्दाम वेगळा, पांढरा मणी घातला, अगदी क्रुसाजवळ. मजबूत नायलॉनच्या दोऱ्यात, प्रत्येक दहा मण्यांनंतर गाठ मारून ओवली. सामानाचा खर्च तीस रुपये. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला सासूबाईंच्या हातात ती माळ होती. मी दोन बाकं मागे होते, पांढरा मणी मला तिथून दिसत होता.

तुमच्या घरात काय बिघडलंय ते मला माहीत नाही, पण काहीतरी असणार. आईच्या शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला असेल. सासऱ्यांच्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली असेल. लग्नाच्या फोटोची काच फुटली असेल. अशी एखादी वस्तू गुपचूप उचला आणि नीट करून आणा. काहीच सापडलं नाही, तर फोटो. मोबाईलमध्ये अडकलेला एक चांगला फोटो निवडा, ज्यात सगळे आहेत आणि कुणाचे डोळे मिटलेले नाहीत, स्टुडिओतून मोठा छापून घ्या आणि साध्या लाकडी फ्रेममध्ये बसवा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं सगळ्यांची नावं आणि तारीख लिहा. सासरी एक, माहेरी एक, दोन्ही मिळून २८० रुपये धरलेत.

नवऱ्यासाठी दोनशे. काम गेलेल्या माणसाला नवी वस्तू दिली की तो आधी किंमत विचारतो, आणि ती ऐकून त्याचा चेहरा उतरतो. त्यांचा आवडता, अंगाला बसलेला शर्ट कॉलरशी विरला असेल तर जुन्या शिंप्याकडे न्या आणि कॉलर उलटवून घ्या. विरलेली बाजू आत जाते, कोरी बाजू वर येते. हे काम करणारे शिंपी कमी झालेत, पण जुन्या बाजारपेठेत विचारलंत तर सापडतात. त्याच शर्टाची बटणं एकसारखी करून घ्या, लाँड्रीत कडक इस्त्री करून आणा. किंवा ते बंद घड्याळ. पुढच्या महिन्यात कुठे मुलाखतीला जायचं झालं तर हे दोन्ही उपयोगी पडतील.

जोडून बघा. कलकल ६५०, डबे-रिबीन २४०, चार मुलं ५२०, तुमची दोन ५००, फोटो २८०, मावशी ५००, नवरा २००, गाडीभाडं आणि किरकोळ १५०. बेरीज ३,०४०. चारशे साठ रुपये उरतात. ते कशावरही घालू नका. १५ डिसेंबरनंतर बाजारातली रोषणाई बघून हात सैल होतो, तेव्हा हे पैसे घरात असलेले बरे. कुणी 'आता घ्या, नंतर भरा' म्हणालं तर पुढे चला. नाताळच्या वस्तूचा हप्ता मार्चमध्ये फेडताना फार त्रास होतो. माझ्या दुकानात उधारीच्या वहीत मी ती नावं बघितली आहेत, म्हणून सांगते.

वेळेचीही एक सोय आपल्या पंचांगातच आहे, ती विसरू नका. नाताळ २५ तारखेला संपत नाही. ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो, सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन ते त्या दिवशी पोचले अशी आपली श्रद्धा. गोव्यात रेईश मागूशला, चांदरला आणि कासावलीला हा सण मोठ्या थाटात होतो, आणि स्पेनमध्ये तर मुलांना मुख्य भेटी याच दिवशी मिळतात. तुमची नणंद पुण्याहून नववर्षाला येणार आहे ना? मग तिच्या मुलीचं पुडकं आणि डबा तेव्हा द्या. कुरिअरचे पैसे वाचतात, आणि २६ डिसेंबरपासून दुकानांत जे भाव उतरतात त्याचा फायदा त्या पुडक्याला मिळतो. त्याच दिवशी पुढच्या वर्षासाठी रिबिनीची दोन रिळं घेऊन ठेवा.

एक काम टाळा. मोबाईलवर बघून मेणबत्त्या, साबण किंवा केकची सजावट असलं काही नवं शिकायला घेऊ नका. साचे, मेण, वास, रंग यातच हजार रुपये जातात आणि पहिली खेप कधीच देण्याजोगी होत नाही. वर मेण थेट आचेवर वितळवताना पेट घेऊ शकतं, घरात लहान मूल आहे. ज्यात हात बसलाय तेच करा. शिकायचंच असेल तर जूनमध्ये शिका. नाहीतर पावसाळ्यात कुणाच्या तरी बागेतून पॉइन्सेटिया या शोभेच्या झाडाच्या फांद्या मागून आणा आणि रिकाम्या डब्यांत लावा. चीक अंगाला लागू देऊ नका, खाज येते. नोव्हेंबरात रात्री मोठ्या झाल्या की वरची पानं आपोआप लाल होतात. फक्त कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली ठेवू नका, रात्रभर उजेड मिळाला तर पानं हिरवीच राहतात. पुढच्या नाताळाला दहा घरांना दहा कुंड्या, खर्च मातीचा.

मुलांच्या हाताला काम हवंय असंही तुम्ही लिहिलंय. त्यांच्याकडून आजी-आजोबांसाठी कागदी तारा करून घ्या, विकतचा दोन-तीनशेला जातो. सारख्या लांबीच्या दहा बांबूच्या काड्या घ्यायच्या. पाच-पाच काड्यांचे दोन तारे बांधायचे, मग दोन्ही एकावर एक ठेवून पाच टोकं दोऱ्यानं एकत्र आवळायची. आत जिथे काड्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी दोन ताऱ्यांच्या मध्ये बोटभर लांबीच्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या. त्यानं तारा फुगतो. या पाच काड्या सारख्या कापल्या नाहीत तर तारा एका बाजूला कलंडतो, म्हणून कापायचं काम मोठ्याला द्या. वर पतंगाचा कागद, आत छोटा एलईडी दिवा. जुना तापणारा बल्ब अजिबात नको.

आणि कलकलांचा दिवस आत्ताच ठरवून टाका: नाताळच्या आधीचा रविवार, दुपारच्या जेवणानंतर. तीन किलोच्या गोळ्या एकटीनं वळायला गेलात तर रात्रीचे दोन वाजतील. शेजारच्या दोन्ही घरांना बोलवा, त्यांचेही डबे त्यातच आहेत. येताना प्रत्येकीनं घरातले काटे आणायचे, निदान आठ लागतील. नवऱ्याला तळणीवर बसवा. मंद आचेवर सात-आठ मिनिटं न हलता थांबायचं काम पुरुषमाणसं चांगलं करतात, आणि त्यांना बारा डबे भरताना बघायलाही मिळेल.